घरगुती सर्व्हरसाठी बॅटरी-आधारित वीजपुरवठ्याची निवड : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संशोधनसामग्री, ध्वनिमुद्रणे व विभागीय अभिलेख जतन करण्यासाठी महाविद्यालयीन प्राध्यापक घरी किंवा विभागात लहान सर्व्हर ठेवू लागले आहेत. त्यासाठी यूपीएस घेताना बहुधा त्यावरील व्होल्ट-अँपिअरचा आकडा आणि किंमत एवढ्याच दोन बाबी पाहिल्या जातात. भंडारा जिल्ह्यातील वीजपुरवठ्याचे स्वरूप, उन्हाळ्यातील तापमान आणि सर्व्हरची खरी गरज लक्षात घेता तीन बाबी अधिक निर्णायक ठरतात : वॅटमध्ये मोजलेला भार, सर्व्हरला सूचना देण्याची यूपीएसची क्षमता आणि बॅटरीभोवतीचे तापमान. प्रस्तुत लेखात या तिन्हींचे उदाहरणांसह विवेचन केले आहे.

बीजशब्द : यूपीएस, इन्व्हर्टर, शिसे-आम्ल बॅटरी, भारनियमन, माहितीचे जतन, झाडीबोली.

१. प्रस्तावना

ज्याच्यावरील माहिती इतर संगणकांना सतत उपलब्ध असते असा, अहोरात्र चालू राहणारा संगणक म्हणजे सर्व्हर होय. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही मोठ्या संस्थांची मक्तेदारी होती. आज जुन्या डेस्कटॉपला दोन हार्ड डिस्क जोडून किंवा तळहातावर मावेल असा छोटा संगणक घेऊन कोणीही घरी सर्व्हर उभारू शकतो. ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक कोहासारखी मुक्त ग्रंथालय-प्रणाली त्यावर चालवून पाहतात, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक क्षेत्रभेटींची छायाचित्रे साठवतात, तर मराठीचे प्राध्यापक बोलींची ध्वनिमुद्रणे जपतात.

भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत या शेवटच्या उपयोगाला विशेष महत्त्व आहे. हा जिल्हा झाडीबोलीच्या क्षेत्रात येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीच्या संशोधनाला आयुष्य वाहिले. दंडार, खडी गंमत यांसारखे लोकाविष्कार आणि वृद्ध निवेदकांच्या तोंडची बोली यांचे ध्वनिमुद्रण एकदा नष्ट झाले तर ते पुन्हा करता येईलच असे नाही, कारण तोवर निवेदकच हयात नसतो. पाच-सहा हजार रुपयांच्या यूपीएसची निवड हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न म्हणूनच माहितीच्या जतनाचा प्रश्न ठरतो.

२. अचानक वीज गेल्याने नेमके काय बिघडते

वीज गेली की संगणक बंद होतो आणि आली की चालू होतो, यात हानी कोणती, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर संगणकाच्या लेखनपद्धतीत आहे. वापरकर्त्याने धारिका ‘साठवली’ तरी ती त्याच क्षणी डिस्कवर उतरते असे नाही. गती वाढावी म्हणून कार्यप्रणाली बदललेली माहिती काही काळ तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवते. लिनक्समध्ये ही मुदत सामान्यतः तीस सेकंदांपर्यंत असते. याशिवाय डिस्कचीही स्वतःची लहान स्मृती असते. या अवधीत वीज गेली तर स्मृतीतील माहिती नाहीशी होते आणि डिस्कवर अर्धवट लिहिलेला मजकूर उरतो.

आधुनिक धारिका-प्रणाली बदलांची आगाऊ नोंद ठेवतात, त्यामुळे डिस्कची रचना सहसा शाबूत राहते. तथापि रचना शाबूत राहणे आणि धारिकेतील मजकूर शाबूत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विदासंचात एका नोंदीसाठी अनेक तक्त्यांमध्ये लेखन होत असते. आधुनिक विदासंच-प्रणाली हे लेखन पूर्ण करतात किंवा पूर्णतः रद्द करतात, पण डिस्कने ‘लिहिले’ असे खोटे कळविले असेल तर त्यांचाही नाइलाज होतो. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याची आरशाची पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण अर्धवट लेखन दोन्हीकडे एकाच वेळी होते.

हानीचे दुसरे कारण वीज परत येण्याच्या रीतीत आहे. ग्रामीण वाहिनीवर वीज परतताना एकाच मिनिटात दोन-तीनदा येऊन जाते आणि पहिल्या काही क्षणांत दाबही स्थिर नसतो. सर्व्हर सुरू होत असताना, म्हणजे डिस्कवर सर्वाधिक लेखन-वाचन चालू असताना, तो पुन्हा बंद पडतो.

३. जिल्ह्यातील वीजपुरवठ्याचे स्वरूप

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्यानंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागाने दिवसाकाठी दहा-बारा तासांपर्यंतचे भारनियमन अनुभवले. त्या काळात विदर्भातील घरोघरी इन्व्हर्टर आले. पुढे परिस्थिती पालटली. एप्रिल २०२२ मध्ये कोळसाटंचाईमुळे काही वाहिन्यांवर भारनियमनाची वेळ आली होती, परंतु वेळापत्रकानुसार रोज वीज जाण्याचा तो काळ मागे पडला आहे.

आजची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. पहिली अडचण कमी दाबाची. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये लघुदाब ग्राहकाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक नसावा अशी तरतूद होती. २३० व्होल्टचा विचार केल्यास ही मर्यादा सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट येते. मात्र वाहिनीच्या टोकाच्या गावात, विशेषतः उन्हाळी धानासाठी कृषिपंप चालू असण्याच्या दिवसांत, दाब यापेक्षा बराच खाली जातो. दुसरी अडचण मान्सूनपूर्व वादळांची. या दिवसांत तारांवर फांद्या पडून किंवा रोहित्र बिघडून वीज कित्येक तास जाऊ शकते. तिसरी अडचण क्षणिक खंडांची. दिवा केवळ लुकलुकतो, पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

या तीन अडचणींवर एकच उपाय नाही. कमी दाबासाठी दाब सावरणारी यंत्रणा लागते. कित्येक तासांच्या खंडासाठी मोठी बॅटरी लागते. क्षणिक खंडासाठी काही मिलिसेकंदांत पुरवठा बदलणारे उपकरण लागते.

४. उपकरणांचे प्रकार

बाजारात यूपीएसचे तीन प्रकार मिळतात. पहिल्या, म्हणजे ऑफलाइन प्रकारात वीज असताना ती जशीच्या तशी पुढे जाते आणि ती गेल्यावर बॅटरी कामाला लागते. दाब थोडा घसरला तरी हे उपकरण बॅटरीवर जाते. परिणामी कमी दाबाच्या गावात बॅटरी दिवसातून अनेकदा रिकामी होते. दुसऱ्या, म्हणजे लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारात एक रोहित्र असते. ते कमी-जास्त दाब बॅटरी न वापरता सावरते आणि वीज गेल्यास साधारणतः १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीचा पुरवठा सुरू होतो. संगणकाच्या वीजपेटीतील धारित्रे सुमारे १६ मिलिसेकंदांचा खंड सहन करतात, त्यामुळे सर्व्हरला हा बदल जाणवत नाही. तिसऱ्या, म्हणजे ऑनलाइन प्रकारात वीज सतत एकदिश व पुन्हा प्रत्यावर्ती अशी रूपांतरित होत असते. यातील पुरवठा सर्वांत शुद्ध असतो, परंतु रूपांतरात सतत वीज खर्ची पडते. हा व्यय ४० वॅट धरला तरी वर्षाकाठी सुमारे ३५० युनिट होतात. घरगुती सर्व्हरसाठी त्याची आवश्यकता क्वचितच भासते. भंडारा जिल्ह्यातील परिस्थितीत लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार हाच समतोल पर्याय होय.

घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी असलेला इन्व्हर्टर लहान सर्व्हर कित्येक तास चालवतो. त्यावरील यूपीएस मोडचे बटण चालू असेल तर पुरवठ्यातील बदलही संगणकाला सहन होण्याइतका जलद होतो. उणीव दुसरीकडे आहे. सामान्य घरगुती इन्व्हर्टर सर्व्हरशी बोलत नाही. रात्री अकराला वीज गेली, पंखे चालू राहिले आणि पहाटे चार वाजता बॅटरी संपली, तर त्या क्षणी सर्व्हर बंद पडतो तो कोणतीही पूर्वसूचना न मिळता. हानी टळलेली नसते, ती पाच तास पुढे ढकललेली असते.

या दोन्ही उपकरणांची जोडणी एकामागे एक केल्यास परस्परांच्या उणिवा भरून निघतात. इन्व्हर्टरच्या वाहिनीवर यूपीएस आणि यूपीएसवर सर्व्हर अशी ही मांडणी असते. इन्व्हर्टर चालू आहे तोवर यूपीएसच्या दृष्टीने वीज आहेच. इन्व्हर्टर संपला की यूपीएसची बॅटरी सुरू होते, सर्व्हरला सूचना जाते आणि तो रीतसर बंद होतो. यासाठी अट एकच : इन्व्हर्टर शुद्ध साइन तरंगाचा असावा. चौरस तरंगाचा पुरवठा पुष्कळ यूपीएस वीज म्हणून स्वीकारतच नाहीत आणि बॅटरीवर जातात.

५. क्षमतेचे गणित

यूपीएसवर ‘६००’ किंवा ‘१०००’ असा आकडा ठळकपणे छापलेला असतो. हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो. प्रत्यक्ष किती वॅटचा भार पेलता येईल हे शक्तिगुणकावर अवलंबून असते. शक्तिगुणक ०.६ असल्यास ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस ३६० वॅट एवढाच भार पेलतो. वॅटचा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो आणि खरेदीपूर्वी तोच पाहावयाचा असतो.

सर्व्हरचा भार अंदाजाने ठरवू नये. संगणकाच्या वीजपेटीवर ‘४५० वॅट’ लिहिलेले असले तरी तो तिच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो. प्रत्यक्ष वापर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाही असू शकतो. प्लगमध्ये लावावयाचे वॅटमापक मिळते. ते नसेल तर घरातील विद्युत मीटरही पुरेसा आहे. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असा उल्लेख आणि लुकलुकणारा लाल दिवा असतो. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिचे चार्जिंग बंद करून, घरातील अन्य सर्व उपकरणे बंद ठेवून आणि केवळ सर्व्हर, राउटर व फायबरची पेटी चालू ठेवून दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. ४८ वेळा लुकलुकल्यास तासाला २८८ स्पंद होतात. २८८ भागिले ३२०० म्हणजे ०.०९ किलोवॅट, अर्थात ९० वॅट.

आता हा ९० वॅटचा भार यूपीएस किती वेळ चालवील ते पाहू. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. परंतु ७ हा आकडा वीस तासांत सावकाश रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचा असतो. अर्ध्या तासाहून कमी वेळात ती रिकामी केली तर सुमारे निम्मीच ऊर्जा हाती येते. रूपांतरात आणखी वीस टक्के खर्च होतात असे धरल्यास ८४ × ०.५ × ०.८ म्हणजे सुमारे ३४ वॅट-तास उरतात. ९० वॅटच्या भाराला ही ऊर्जा साधारण २२ मिनिटे पुरते. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता निम्मी झाली की ११ मिनिटे उरतात.

अकरा मिनिटे अपुरी वाटतात, परंतु रीतसर बंद होण्यास सर्व्हरला दोन-तीन मिनिटेच लागतात. क्षणिक खंड वगळण्यासाठी पाच मिनिटे वाट पाहून मग सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली, तरी जुन्या बॅटरीतही तीन मिनिटे शिल्लक राहतात. निवडीचा निकष त्यामुळे असा सांगता येईल : नव्या बॅटरीवर मिळणारा वेळ हा प्रतीक्षा आणि बंद होणे या दोन्हींना लागणाऱ्या एकूण वेळेच्या किमान दुप्पट असावा. याहून अधिक काळ सर्व्हर चालू ठेवावयाचा असेल तर ते काम इन्व्हर्टरकडे सोपवावे.

६. उन्हाळा आणि बॅटरी

यूपीएसमधील सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य माहितीपत्रकात तीन ते पाच वर्षे दिलेले असते, पण ते २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला. स्थूल नियम असा की, तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. २५ अंशांना चार वर्षे टिकणारी बॅटरी ३५ अंशांना दोन आणि ४५ अंशांना एकच वर्ष टिकेल. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि यूपीएसच्या पेटीतील तापमान खोलीपेक्षाही अधिक असते. वर्षभर ही स्थिती नसली तरी दोन-अडीच महिन्यांचा उन्हाळा बॅटरीच्या आयुष्याचा मोठा वाटा खाऊन टाकतो.

यामागील कारण रासायनिक आहे. उष्णतेने धनपट्टीचे क्षरण वेगाने होते आणि विद्युत-अपघटनीतील पाणी घटते. तापमान वाढल्यास चार्जिंगचा दाब कमी करावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी हे प्रमाण दर अंशाला सुमारे ०.०१८ व्होल्ट असते. वीस अंशांच्या वाढीस ते ०.३६ व्होल्ट होते. स्वस्त यूपीएसमध्ये ही सोय नसल्याने बॅटरी उन्हाळाभर जादा दाबावर राहते आणि फुगते. फुगलेली बॅटरी तत्काळ बदलावी.

यावरून जागेची निवड ठरते. पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीलगतची खोली टाळावी. बंद कपाटात यूपीएस ठेवू नये. कूलरच्या थेट झोतातही तो नसावा, कारण त्या हवेतील बाष्पाने जोडण्या गंजतात. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती हवेशीर जागीच असावी आणि तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर भरावे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा पर्याय आता उपलब्ध आहे. ती हलकी असते, दोन-तीन हजार आवर्तने टिकते आणि जलद रिकामी केली तरी तिची क्षमता फारशी घटत नाही. परंतु शिसे-आम्ल बॅटरीसाठी बनविलेल्या यूपीएसमध्ये ती थेट बसवू नये. तिला स्वतंत्र नियंत्रण-मंडल व योग्य चार्जर लागतो आणि ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्जिंग न करण्याची मर्यादा तिलाही सामान्यतः असते. केवळ राउटर व फायबरची पेटी चालू ठेवावयाची असल्यास १२ व्होल्टचा लहान एकदिश यूपीएस पुरेसा होतो.

७. सर्व्हरशी संवाद

निवडीतील सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे यूपीएसच्या मागील बाजूचे यूएसबी संदेशद्वार. कमी किमतीच्या अनेक यूपीएसमध्ये ते नसते. काहींमध्ये असते ते केवळ मोबाइल चार्ज करण्यासाठी. त्याअभावी वीज गेल्याचे सर्व्हरला कळत नाही आणि कोणी जवळ नसेल तर यूपीएस म्हणजे वीस मिनिटांचा इन्व्हर्टरच ठरतो.

संदेशद्वार असल्यास ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मुक्त आज्ञावली वापरता येते. ती यूपीएसची स्थिती सतत वाचते, ठरलेल्या वेळेनंतर सर्व्हर रीतसर बंद करते आणि त्याच जाळ्यातील अन्य संगणकांनाही तशी आज्ञा देऊ शकते. खरेदीपूर्वी त्या आज्ञावलीच्या सुसंगत उपकरणांच्या यादीत संबंधित यूपीएस आहे का ते पाहावे. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, पण काही मिनिटे थांबून, अशीही व्यवस्था करावी. केवळ बॅटरीच्या उरलेल्या टक्केवारीवर विसंबू नये. जुन्या बॅटरीचा दाब एकाएकी कोसळतो आणि ‘चाळीस टक्के’ दाखविणारा यूपीएस पुढच्या मिनिटाला बंद पडतो. कालावधीवर आधारित आज्ञा अधिक विश्वासार्ह असते.

ही व्यवस्था दर सहा महिन्यांनी तपासावी. प्रथम सर्व्हरऐवजी १०० वॅटचा दिवा जोडून यूपीएस किती मिनिटे चालतो ते नोंदवावे. नंतर सर्व्हर जोडून वीज बंद करावी आणि तो स्वतःहून रीतसर बंद होतो का ते पाहावे. एक चाचणी एप्रिलपूर्वी आणि दुसरी पावसाळ्यानंतर घेणे सोयीचे.

८. यूपीएसच्या मर्यादा

आकाशातील विजेपासून यूपीएस संरक्षण देतो हा समज चुकीचा आहे. त्यातील लहान अतिदाब-रोधक नित्याचे धक्के शोषतात, जवळ पडलेल्या विजेचे नव्हेत. त्यासाठी घराच्या मुख्य फलकावर स्वतंत्र अतिदाब-संरक्षक आणि सुस्थितीतील अर्थिंग हवे. अर्थिंग नसेल तर अतिदाब-संरक्षकालाही मार्ग उरत नाही. तांब्याच्या जाळेतारेवाटेही धक्का सर्व्हरपर्यंत पोहोचतो, म्हणून दोन इमारतींमधील जोडणी फायबरची असावी.

पाण्याचा धोकाही विसरता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा भागात यूपीएस व सर्व्हर जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावेत. चोरी, आग किंवा डिस्कचा बिघाड यांवर तर यूपीएस हा उपायच नाही. ध्वनिमुद्रणाची एक प्रत दुसऱ्या गावी असणे हे कोणत्याही बॅटरीपेक्षा मोलाचे आहे.

९. दरपत्रके मागविताना

महाविद्यालयीन खरेदीत ‘यूपीएस, ६०० व्हीए, १ नग’ एवढाच मजकूर लिहून दरपत्रके मागविली जातात आणि नियमानुसार न्यूनतम दर स्वीकारला जातो. मागणीतच बाबी स्पष्ट नसतील तर न्यूनतम दराचा यूपीएस संदेशद्वाराविना येणार, हे उघड आहे. म्हणून मागणीपत्रात पुढील बाबी लिहाव्यात :

(अ) लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार. वॅटमधील क्षमता मोजलेल्या भाराच्या किमान दुप्पट.
(आ) मोजलेल्या भारावर नव्या बॅटरीवरील किमान कालावधी मिनिटांत.
(इ) माहितीवहनासाठी यूएसबी संदेशद्वार व लिनक्सशी सुसंगती.
(ई) वीज असताना बॅटरी न वापरता सावरता येणारी दाबाची मर्यादा.
(उ) बॅटरीची स्वतंत्र हमी आणि स्थानिक बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित आकाराची, बदलता येणारी बॅटरी.
(ऊ) भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. पाच केव्हीएपर्यंतच्या यूपीएससाठी आयएस १६२४२ या मानकाखालील नोंदणी सक्तीची असून तिचा क्रमांक उपकरणावर असावा लागतो.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे. शिशाला मूल्य असल्याने नवीन बॅटरी घेताना विक्रेता जुनीचे पैसेही वजा करतो.

१०. समारोप

घरगुती सर्व्हरसाठी घेतलेल्या यूपीएसचे मुख्य कार्य सर्व्हरला काही मिनिटे आणि एक सूचना देणे हे आहे. मिनिटे बॅटरी देते, सूचना संदेशद्वार देते आणि या दोन्हींची शाश्वती नियमित चाचणी देते. दीर्घकाळ वीज हवी असल्यास ती इन्व्हर्टरकडून घ्यावी आणि त्याच्या शेवटाची चाहूल मात्र यूपीएसकडून घ्यावी. भंडारा जिल्ह्यात यात तापमानाचा विचार मिळवावा लागतो. इतरत्र चार वर्षे टिकणारी बॅटरी येथे दोन वर्षांनी बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करावी. अशी तरतूद असलेला साधा यूपीएस, तरतूद नसलेल्या महागड्या यूपीएसपेक्षा ध्वनिमुद्रणे व अभिलेख अधिक काळ सुरक्षित राखील.